तलावाच्या पाण्यामागचा औषधविक्रेता

उन्हाळ्याची सुटी लागली की जलतरण तलावांवर गर्दी उसळते. फाटकातून आत शिरताच एक उग्र दर्प नाकाला झोंबतो. त्याला आपण सरसकट क्लोरीनचा वास म्हणतो आणि पाणी स्वच्छ असल्याची ग्वाही त्यात शोधतो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. योग्य प्रमाणात क्लोरीन असलेल्या निर्मळ पाण्याला फारसा वास येत नाही. दर्प येतो तो क्लोरीनचा पोहणाऱ्यांच्या घामाशी आणि मूत्राशी संयोग होऊन तयार झालेल्या द्रव्यांचा. यातला योगायोग असा की, या संयोगातल्या दोन महत्त्वाच्या गोष्टी, क्लोरीन वायू आणि मूत्रातील यूरिक आम्ल, अवघ्या दोन वर्षांच्या अंतराने एकाच माणसाला सापडल्या होत्या. हा माणूस म्हणजे स्वीडनमधील औषधविक्रेते कार्ल विल्हेल्म शेले. प्राणवायूचा शोध सर्वांत आधी लावूनही त्याचे श्रेय निसटलेला शास्त्रज्ञ म्हणून विज्ञानाच्या इतिहासात त्यांची ओळख आहे. जलतरण तलावाच्या संदर्भात मात्र त्यांचे नाव सहसा कोणी घेत नाही.

शेले यांचा जन्म 9 डिसेंबर 1742 रोजी श्ट्रालझुंड येथे झाला. बाल्टिक समुद्राकाठचे हे बंदर आज जर्मनीत आहे. त्या काळी पोमेरेनियाचा हा भाग स्वीडनच्या अमलाखाली होता. त्यामुळे जर्मन आणि स्वीडिश असे दोघेही शेले यांच्यावर हक्क सांगतात. वडील धान्याचे व्यापारी होते, मद्यनिर्मितीचाही व्यवसाय होता. अकरा भावंडांत कार्ल सातवा. घरच्या परिस्थितीत विद्यापीठाचे शिक्षण शक्य नव्हते. वयाच्या चौदाव्या वर्षी, 1757 मध्ये, त्याला गॉथेनबर्ग येथे बाउख नावाच्या औषधविक्रेत्याकडे उमेदवारीसाठी पाठवण्यात आले.

तेव्हाचे औषधाचे दुकान म्हणजे आजच्यासारखी गोळ्यांच्या पाकिटांची मांडणी नव्हे. आम्ले, क्षार, पाऱ्याची संयुगे, मुळ्या, साली, खनिजे असे सारे तिथे असे आणि औषध दुकानातच तयार होई. दुकान हीच प्रयोगशाळा होती. दिवसभर खलबत्ता चालवणारा हा मुलगा रात्री मालकाच्या संग्रहातील रसायनशास्त्राची पुस्तके वाची आणि त्यांतील प्रयोग स्वतः करून पाही. या दुकानात त्याची आठ वर्षे गेली. 1765 मध्ये बाउख यांनी दुकान विकले आणि शेले माल्मो येथे दुसऱ्या औषधविक्रेत्याकडे कामाला लागले. पुढे स्टॉकहोम, त्यानंतर 1770 मध्ये उप्साला. गाव बदलले, मालक बदलले, पण दिवसा दुकान आणि रात्री प्रयोग हा क्रम बदलला नाही.

उप्सालातील मुक्काम निर्णायक ठरला. तेथील विद्यापीठात टॉर्बर्न बर्गमन हे रसायनशास्त्राचे नामवंत प्राध्यापक होते. शेले यांनी पूर्वी पाठवलेल्या एका लेखाची दखल बर्गमन यांच्याकडून न घेतली गेल्याने प्रारंभी थोडी कटुता होती. योहान गॉटलीब गान या तरुण खनिजतज्ज्ञाने दोघांची भेट घडवली आणि पुढे बर्गमन शेले यांचे खंदे पाठीराखे झाले. पदवी नसलेल्या दुकानातील साहाय्यकाला विद्यापीठाच्या प्राध्यापकाने बरोबरीने वागवावे, ही अठराव्या शतकात साधी गोष्ट नव्हती.

बर्गमन यांनी शेले यांना एक काळे खनिज तपासायला सांगितले. काचकारखान्यांत काचेचा हिरवटपणा घालवण्यासाठी ते वापरीत; त्यात नेमके काय आहे हे मात्र कोणाला ठाऊक नव्हते. आज आपण त्याला पायरोल्युसाइट म्हणतो, म्हणजेच मँगनीज डायऑक्साइड. (विदर्भातील वाचकांना हे खनिज परके वाटू नये. भंडारा जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून निघणारे मँगनीज डायऑक्साइड पुढे बॅटरीच्या उद्योगाला पुरवले गेले.) शेले यांनी या एका खनिजावर जवळपास तीन वर्षे घालवली आणि 1774 मध्ये स्वीडिश विज्ञान अकादमीच्या वृत्तांतात आपला निबंध प्रसिद्ध केला. या एकाच निबंधातून मँगनीज, बेरियमचे संयुग आणि क्लोरीन असे तीन नवे विषय रसायनशास्त्रापुढे आले. त्याच वर्षी गान यांनी मँगनीज हा धातू वेगळा करून दाखवला.

क्लोरीन सापडला तो असा. शेले यांनी काळ्या भुकटीवर मिठापासून मिळवलेले आम्ल, म्हणजे आजचे हायड्रोक्लोरिक आम्ल, ओतले आणि मिश्रण ऊबदार वाळूत ठेवले. भांड्यातून पिवळसर हिरवा वायू निघू लागला. त्याचा वास ऊन केलेल्या अम्लराजासारखा होता आणि तो छातीत भरताच जीव गुदमरत होता. भांड्याच्या तोंडाला बांधलेली फुगवणीची पिशवी पिवळी पडली, बुचेही पिवळी झाली. निळा लिटमस कागद जवळजवळ पांढरा झाला. तांबडी, निळी, पिवळी अशी सर्व रंगांची फुले अल्पावधीत पांढरी पडली, हिरवी पानेही फिकी झाली. मग शेले यांनी या पाकळ्यांवर आम्ल घालून पाहिले, अल्कही घालून पाहिले. गेलेला रंग कशानेच परत येईना. वायूत सोडलेले कीटक तत्काळ मेले. सोड्याशी संयोग होऊन मात्र साधे मीठ तयार झाले.

जलतरण तलावात क्लोरीन जे काही करतो, त्याचा जवळपास सारा गोषवारा या निरीक्षणांत आहे. तो रंग कायमचा नष्ट करतो, जीव मारतो, धातूला खातो, माणसाच्या फुप्फुसाला बाधतो आणि काम झाल्यावर क्षाराच्या रूपाने पाण्यात उरतो. जुन्या तलावाच्या पाण्याला किंचित खारट चव येते, ती याच कारणाने.

एक गोष्ट शेले यांच्या हातून सुटली. ज्वलनशील पदार्थांत फ्लॉजिस्टॉन नावाचे तत्त्व असते, या तत्कालीन समजुतीवर त्यांचा अखेरपर्यंत विश्वास होता. म्हणून या वायूला त्यांनी फ्लॉजिस्टॉन काढून घेतलेले मिठाचे आम्ल ठरवले. हा वायू स्वतःच एक मूलद्रव्य आहे, हे इंग्लंडच्या हंफ्री डेव्ही यांनी 1810 मध्ये दाखवले आणि त्याच्या रंगावरून ग्रीक शब्दाच्या आधारे क्लोरीन हे नाव दिले. नाव व सिद्धान्त चुकीचे, पण निरीक्षणातील एकही ओळ खोडता येत नाही, असे उदाहरण विज्ञानाच्या इतिहासात विरळा.

रंग उडवण्याचा गुण सर्वांत आधी व्यापाराने उचलला. कापड पांढरे करण्यासाठी ते महिनोन् महिने उन्हात पसरावे लागे. फ्रान्समध्ये बर्थोले यांनी 1785 पासून या वायूचे प्रयोग केले आणि तो अल्कात मुरवून विरंजक द्रव तयार झाला. आजच्या सोडियम हायपोक्लोराइटचा हा पूर्वज. 1799 मध्ये स्कॉटलंडच्या चार्ल्स टेनंट यांनी वायू कोरड्या चुन्यात शोषून घेण्याच्या कृतीचे एकस्व मिळवले. तीच ब्लीचिंग पावडर. ग्रामपंचायतीचा कर्मचारी आजही विहिरीत जी टीसीएल टाकतो, ती याच कुळातली. नवी पूड असेल तर तीत तेहतीस टक्क्यांच्या आसपास उपलब्ध क्लोरीन असतो. पिण्याच्या पाण्यात क्लोरीन नियमितपणे मिसळण्याची अमेरिकेतील मोठी सुरुवात 1908 मध्ये जर्सी सिटीला झाली. पोहण्याच्या तलावांकडे हे तंत्र त्यानंतर वळले.

येथे तलावाच्या पंपघरात थोडे डोकावले पाहिजे. वार्तांकनाच्या निमित्ताने अशा खोल्या पाहण्याचे प्रसंग येतात आणि बहुतेक ठिकाणी एक प्रश्न ऐकू येतो: क्लोरीन टाकूनही पाणी हिरवे का? उत्तर क्लोरीनच्या प्रमाणात कमी आणि पाण्याच्या सामूमध्ये, म्हणजे पीएचमध्ये, अधिक दडलेले असते. कोणत्याही रूपाने क्लोरीन पाण्यात गेला की त्याचे हायपोक्लोरस आम्ल बनते. जंतू मारण्याचे काम मुख्यतः हे आम्ल करते. सामू वाढला की या आम्लाचे रूपांतर हायपोक्लोराइट आयनात होते आणि तो जंतूंच्या बाबतीत फार दुबळा असतो. सामू 7.2 असेल तर सुमारे दोनतृतीयांश क्लोरीन कामाच्या रूपात असतो, 7.5 ला निम्मा. 8 झाला की जेमतेम पाव. तलावाला दिलेली मात्रा तीच, खर्चही तोच, पण परिणाम तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. याच कारणाने पाण्याचा सामू 7.2 ते 7.8 या पट्ट्यात राखायचा असतो.

अडचण अशी की क्लोरीनचे प्रत्येक रूप या सामूला आपापल्या दिशेने ओढते. नळकांड्यातला वायू पाण्यात शिरताना हायड्रोक्लोरिक आम्लही तयार करतो आणि सामू खाली आणतो. सोडियम हायपोक्लोराइटचा द्रव तीव्र अल्कधर्मी असतो, तो सामू वर नेतो. शिवाय उष्ण हवेत कॅनमध्येच त्याचा जोर ओसरत जातो, त्यामुळे मे महिन्यात उन्हात ठेवलेला कॅन लेबलावर लिहिलेल्या ताकदीचा राहत नाही. कॅल्शियम हायपोक्लोराइटच्या दाण्यांत 65 ते 70 टक्के उपलब्ध क्लोरीन असतो, तोही सामू वाढवतो आणि पाण्याच्या कठीणपणात भर घालतो. बोअरचे पाणी आधीच जड असेल, तर फरशीवर आणि गाळणयंत्रात पांढरा थर धरतो तो अशा वेळी.

आणि चौथे रूप म्हणजे पांढऱ्या वड्या. ट्रायक्लोरोआयसोसायन्यूरिक आम्ल असे लांबलचक नाव असलेल्या या वड्यांत सुमारे 90 टक्के उपलब्ध क्लोरीन असतो. त्या हळूहळू विरघळतात, वापरायला सोप्या असतात आणि म्हणून सोसायट्यांच्या तलावांत लोकप्रिय आहेत. त्या आम्लधर्मी असल्याने सामू खाली येतो. त्यांच्यातून क्लोरीनबरोबर सायन्यूरिक आम्लही पाण्यात उतरते. ते क्लोरीनला उन्हापासून सांभाळते. एरवी प्रखर उन्हात उघड्या तलावातील निम्मा क्लोरीन तासाभराच्या आत नाहीसा होऊ शकतो. 30 ते 50 पीपीएम सायन्यूरिक आम्ल असले की हे नुकसान बरेच टळते. मात्र क्लोरीन उडून जातो, खर्ची पडतो. सायन्यूरिक आम्ल तसेच साचत राहते. वड्यांतून मिळणाऱ्या दर 10 पीपीएम क्लोरीनमागे सुमारे 6 पीपीएम सायन्यूरिक आम्ल वाढते. रोज 2 पीपीएम क्लोरीन वड्यांतूनच दिला, तर दोन महिन्यांत सत्तरच्या वर भर पडते. मग क्लोरीन पाण्यात असतो, चाचणीच्या नळीत रंगही दिसतो, पण तो सायन्यूरिक आम्लाने इतका बांधून ठेवलेला असतो की शेवाळ निवांत वाढते. यावर व्यवहारात एकच उपाय उरतो: काही पाणी काढून टाकून नवे भरणे. टंचाईच्या काळात हा उपाय किती महागात पडतो, हे सांगायला नको. घरातला किंवा छताखालचा तलाव असेल तर या वड्यांची निवडच मुळात चुकीची, कारण तिथे ऊनच नसते.

हे सायन्यूरिक आम्ल 1829 मध्ये जर्मनीच्या फ्रीडरिश व्होलर यांनी युरिया आणि यूरिक आम्ल तापवून प्रथम बनवले. त्यांतील यूरिक आम्ल शेले यांचेच.

1775 मध्ये शेले यांच्या आयुष्यात दोन घटना घडल्या. फेब्रुवारीत स्वीडिश विज्ञान अकादमीने त्यांना सदस्य करून घेतले. दुकानातील साहाय्यकाला हा मान मिळणे अपूर्व होते. त्याच वर्षी ते कोपिंग या लहानशा गावी गेले. तेथील औषधविक्रेता पोल मरण पावला होता आणि त्याची तरुण विधवा सारा मार्गारेटा हिला दुकान चालवायला माणूस हवा होता. दुकानावर कर्ज होते. मधल्या काळात दुसरा एक ग्राहक दुकान घ्यायला पुढे आला, तेव्हा गावकऱ्यांनी शेले यांची बाजू घेतली. बर्लिनला येण्याचे निमंत्रण आले, तेही त्यांनी नाकारले. अकादमीच्या बैठकीला ते उभ्या आयुष्यात एकदाच, 1777 च्या ऑक्टोबरात, उपस्थित राहिले आणि त्याच फेरीत औषधविक्रेत्याची रीतसर परीक्षा देऊन परतले. मोठ्या शहरात मोठे पद मिळत असताना कर्जबाजारी दुकानात राहण्याचा हा निर्णय अनेक चरित्रकारांना विचित्र वाटला आहे. प्रस्तुत लेखकाला तो तसा वाटत नाही. ज्याला प्रयोगासाठी एक चूल, काही भांडी आणि कोणी न विचारणारी रात्र एवढेच हवे होते, त्याला कोपिंगमध्ये ते मिळाले होते.

1776 मध्ये त्यांनी मूत्राशयातील खडे तपासले. हे खडे चुनखडीसारखे असावेत, असा अनेकांचा समज होता. शेले यांना त्यांत एक नवे आम्ल सापडले आणि तेच आम्ल निरोगी माणसाच्या मूत्रातही असते, हे त्यांनी दाखवले. पुढे त्याला यूरिक आम्ल हे नाव मिळाले. संधिवाताच्या रुग्णाला आज डॉक्टर जी रक्ततपासणी करायला सांगतात, तिचे मूळ इथे आहे. त्यानंतरच्या दहा वर्षांत दुधातील लॅक्टिक आम्ल, लिंबातील सायट्रिक आम्ल, सफरचंदातील मॅलिक आम्ल, ग्लिसरीन, हायड्रोजन सायनाइड अशी शोधांची रांगच या छोट्या दुकानातून बाहेर पडली. प्राणवायू तर त्यांनी 1772 च्या सुमारासच मिळवला होता. 1774 च्या सप्टेंबरअखेरीस त्यासंबंधी त्यांनी पॅरिसला लावाझिए यांना पत्रही लिहिले. पण त्यांचा ग्रंथ मुद्रणात रेंगाळला आणि 1777 मध्ये बाहेर आला. दरम्यान जोसेफ प्रीस्टली यांनी आपला शोध प्रसिद्ध केला होता.

क्लोरीन आणि यूरिक आम्ल हे दोन शोध शेले यांनी कधी एकत्र करून पाहिल्याचे दिसत नाही. ते काम जगभरचे पोहणारे करीत असतात. 2014 मध्ये अमेरिकी आणि चिनी संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, यूरिक आम्लाचा क्लोरीनशी संयोग झाला की ट्रायक्लोरामाइन आणि सायनोजेन क्लोराइड ही द्रव्ये तयार होतात. पैकी पहिले पाण्यातून हवेत येते आणि डोळे, घसा व श्वासनलिका यांचा दाह करते. तलावातील यूरिक आम्लाचा बहुतांश भाग घामातून नव्हे, तर मूत्रातून येतो, असेही या संशोधकांनी नोंदवले. फाटकातल्या त्या दर्पाचा एक धागा असा थेट कोपिंगच्या दुकानापर्यंत पोहोचतो. क्लोरीनची मात्रा वाढवून हा दर्प जातोच असे नाही. पोहण्यापूर्वी अंगावरून साबणाने पाणी घेणे आणि त्याआधी शौचालयात जाऊन येणे यांचा उपयोग अधिक होतो. तलावांवर तशा पाट्या असतात. स्नानगृहांच्या नळांना पाणी असते का, हा वेगळा विषय.

आणखी एका ठिकाणी शेले यांचा प्रयोग नकळत पुन्हा घडतो आणि तो जिवावर बेतू शकतो. सामू कमी करण्यासाठी पंपघरात हायड्रोक्लोरिक आम्लाचे कॅन असतात आणि शेजारीच हायपोक्लोराइटचे. दोन्ही सारख्याच आकाराचे, कधी एकाच रंगाचे. घाईत एकातले दुसऱ्यात ओतले गेले की तोच पिवळसर हिरवा वायू बंद खोलीत उसळतो. 1774 मध्ये भांड्यात काळे खनिज होते, इथे हायपोक्लोराइट असते. मिठाच्या आम्लातून क्लोरीन सुटतो तो दोन्हीकडे. हाच वायू 22 एप्रिल 1915 रोजी बेल्जियममधील ईप्रच्या रणभूमीवर शस्त्र म्हणून सोडण्यात आला होता, एवढे सांगितले तरी त्याची जात कळावी. कॅल्शियम हायपोक्लोराइटचे दाणे आणि वड्यांची पूड एकत्र आली तर आग वा स्फोट होतो. एकाचे माप दुसऱ्याच्या डब्यात बुडवणेही पुरेसे ठरते. दोन्ही पावडरी पांढऱ्या आणि दोघींनाही क्लोरीनच म्हटले जात असल्याने हा घोळ होतो. ही द्रव्ये वेगळ्या खोल्यांत, वेगळ्या मापांसह ठेवली पाहिजेत आणि पाण्यात आम्ल घालावे, आम्लात पाणी नव्हे, हे हंगामी कर्मचाऱ्यालाही पहिल्याच दिवशी सांगितले पाहिजे.

शेले यांना असे सांगणारे कोणी नव्हते. नवे द्रव्य हाती आले की त्याचा वास घ्यायचा, चव पाहायची आणि ती नोंदवायची, ही त्या काळची रीत त्यांनी हायड्रोजन सायनाइडच्या बाबतीतही सोडली नाही. त्या चवीनेच त्यांचा जागीच अंत झाला, अशी एक कथा सांगितली जाते. ती खरी नाही. त्यांचे आजारपण दीर्घ होते. सांधे धरले होते, मूत्रपिंडे बिघडली होती, त्वचेचा विकार जडला होता. पारा, आर्सेनिक आणि विषारी वायूंच्या संगतीत, थंड जागेत, रात्रीमागून रात्री काढलेल्या जागरणांचा यात वाटा असावा, असे मानले जाते.

1786 च्या वसंत ऋतूत आपण यातून उठणार नाही, हे त्यांना कळून चुकले. दुकानाचे कर्ज त्यांनी दरम्यान फेडले होते. सारा मार्गारेटा त्यांचे घर सांभाळत आली होती. मृत्यूला अवघे काही दिवस उरले असताना त्यांनी अंथरुणावरूनच तिच्याशी विवाह केला, जेणेकरून दुकान आणि मालमत्ता निर्वेधपणे तिच्या नावे व्हावी. 21 मे 1786 रोजी, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, कोपिंग येथे त्यांचे निधन झाले. दुकान सारा मार्गारेटाकडे गेले.